फोटोवरची काच

सोमवार, २ फेब्रुवारी

ही डायरी सुनेने दिली. तिच्या हॉस्पिटलात औषधवाल्यांनी वाटलेली आहे, त्यामुळे प्रत्येक पानाच्या तळाशी पित्तावरच्या गोळीची जाहिरात आहे. "आई, पेपर वाचून जे काय बोलावंसं वाटतं ते यात लिहा, बाबांचा चहा तरी शांतपणे होऊ दे," म्हणाली. मुलगी बोलते गोड, पण टोमणा नेमका जागेवर बसवते.

माझाही इलाज नाही. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांची बोलणी जोडून दिली. कानावर सगळं पडायचं आणि मधे तोंड घालायची सोय नव्हती. त्याचं उट्टं मी आता काढते. पेपरातल्या वाचकांच्या पत्रांत आजवर माझी तीस पत्रं छापून आलीत. भटकी कुत्री, हवामानाचे अंदाज, नव्या नाण्यांचा आकार, अंतराळवीरांचं जेवण, काही म्हणून सोडलेलं नाही. "यातलं तू प्रत्यक्ष काय काय पाहिलंयस?" असं ह्यांनी एकदा विचारलं होतं. म्हटलं, मत द्यायला पाहायला कशाला लागतं?

आज बातमी आहे की यंत्रं आता माणसांसारखी पत्रं लिहितात. लिहोत बापडी. संपादकाला फोन करून "माझं पत्र का नाही छापलं" असं विचारायची हिंमत यंत्रात कुठून येणार?

पण आज नाकाला मिरच्या झोंबल्या त्या वेगळ्याच पत्राने. कुणी 'त्रस्त पादचारी' लिहितो की नदीवरचा आपला पायी जायचा पूल हलतो, त्याला त्यावरून जायची भीती वाटते. आपला पूल! हे बांधकाम खात्यात पूल तपासायचे. निवृत्तीच्या आधीचं त्यांचं शेवटचं काम हाच पूल होता. नऊ वर्षं झाली. 'पुढची पंधरा वर्षं काळजीचे कारण नाही' असं लिहून खाली सही केली होती, आणि त्या रात्री आम्ही बाहेर जेवायला गेलो होतो. सून रोज त्याच पुलावरून हॉस्पिटलात जाते. याला उत्तर द्यायलाच हवं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

छापलं! तिसऱ्याच दिवशी, आणि वर चौकट. कापून इथे चिकटवते आहे.

'हल्ली प्रत्येक गोष्टीची भीती बाळगायची टूम निघाली आहे. माझ्या पतींनी हा पूल स्वतः तपासला आहे आणि त्यांच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे. त्रस्त पादचाऱ्यांनी पूल तपासण्यापेक्षा स्वतःचा रक्तदाब तपासून घ्यावा.'

रक्तदाबाचं वाक्य लिहिताना मी एकटीच हसले होते. धाकट्या बहिणीला फोन करून वाचून दाखवलं, ती पण हसली. ह्यांनी दोनदा वाचलं, पेपरची नीट घडी घातली आणि म्हणाले, "बरं लिहिलंयस." मग बूट घालून बाहेर पडले. कपातला चहा तसाच राहिला. दोन तासांनी परतले तेव्हा बुटांना चिखल. कुठे गेला होता विचारलं तर "जरा चालून आलो." आपल्या गल्लीत चिखल कुठे आहे?

रविवार, ८ फेब्रुवारी

बाहेरच्या खोलीतल्या आमच्या लग्नाच्या फोटोवरची काच गेली. फोटो आहे, चौकट आहे, काच नाही. फुटली म्हणावी तर एक कपचीसुद्धा सापडत नाही. काल सुनेने जाळी झाडली होती. तिच्याच हातून फुटली असणार आणि बिचारीने गुपचूप आवरून टाकली असणार. मी काही विचारणार नाही. पण सांगून टाकलं असतं तर बरं वाटलं असतं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

सकाळी घरात चक्क वादावादी झाली. एरवी हे म्हणजे घरातलं सगळ्यात कमी आवाजाचं माणूस.

सून डबा भरत होती. हे म्हणाले, "आजपासून तू बसने जात जा. मोठ्या पुलावरून."

"बाबा, त्याला चाळीस मिनिटं जास्त लागतात."

"लागू देत."

"माझी ड्यूटी सातला सुरू होते! मी उठू किती वाजता?"

"मी उठवीन तुला."

"पण का?"

हे पेपर उलटायला लागले. म्हणून मीच तिची बाजू घेतली. म्हटलं, "अहो, चांगली दहा मिनिटांत पोचते पोर, तिला शहरभर कशाला फिरवताय?" ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं. मग म्हणाले, "बघा बुवा, तुमची मर्जी." सून पुलावरूनच गेली. मुलगा बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात. त्याच्या मागे बायकोची काळजी आपणच करायची, हे मला कळतं. पण काळजीलाही काही धरबंध हवा. सदुसष्ट म्हणजे काही फार वय नाही, तरी माणूस हळूहळू हट्टी होत जातो की काय?

गुरुवार, १२ फेब्रुवारी

सुनेची लाल नेलपॉलिशची बाटली सापडत नाही. तिने सगळे खण उपसले. आणि दुपारी ह्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला मी लाल डाग पाहिला. विचारलं तर हात खिशात.

रोज सकाळ-संध्याकाळ तास तास बाहेर. चिखलाचे बूट. आता नेलपॉलिश. धाकटीला फोनवर सांगितलं तर ती खिदळत म्हणाली, "ताई, भावजींवर जरा लक्ष ठेव हो!" मी पण हसले, पण फोन ठेवल्यावर मनात पाल चुकचुकलीच. बेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

शनिवार, १४ फेब्रुवारी

दुसऱ्या पानावर बातमी. पुलाच्या तक्रारीबद्दल खात्यातला नवा साहेब म्हणतो, 'पूल सुरक्षित आहे. ज्या अनुभवी अधिकाऱ्याने तपासणी केली त्यांच्या कुटुंबीयांनीही जाहीरपणे तसा निर्वाळा दिला आहे.' कुटुंबीय म्हणजे मी! एकतीस पत्रांत पहिल्यांदा माझ्या पत्राची बातमी झाली. आता बत्तिसावं जपून लिहायला हवं.

ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. पोळीचा घास हातातच राहिला.

"नऊ वर्षांपूर्वी जे लिहिलं, ते नऊ वर्षांपूर्वीचं आहे," म्हणाले.

"म्हणजे पंधरातली सहा राहिली की अजून."

हे ताट अर्धं टाकून उठले. माझं कौतुक झालं की ह्यांना कधीच काही वाटत नाही, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते.

बुधवार, १८ फेब्रुवारी

आज मी ह्यांच्या मागे गेले. लिहायला लाज वाटते, पण गेले. डोक्यावरून स्कार्फ, हातात उगाच पिशवी.

हे नदीवर गेले. पुलावर चढले नाहीत. बाजूच्या पायऱ्या उतरून, गवतातून वाट काढत थेट पुलाखाली गेले. काठावर दगडी भिंत आहे, पुलाचं टोक तिच्यावर टेकतं. तिथे हे चिखलात गुडघे टेकून बसले आणि खिशातून भिंग काढलं. मी कठड्याला धरून वरून पाहत होते. दुसरी बाई वगैरे काही नाही हे दिसल्यावर जीव भांड्यात पडला आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, मग हा माणूस इथे करतोय काय?

हाक मारली. दचकले. मग म्हणाले, "आलीच आहेस तर खाली ये. जपून."

खाली भिंतीला एक भेग आहे, माझ्या उंचीहून लांब. तिच्यावर आडव्या पाच काचेच्या पट्ट्या, दोन्ही टोकांना सिमेंटने बसवलेल्या. प्रत्येकीवर लाल अक्षरात तारीख. अक्षर ह्यांचं, नेलपॉलिश सुनेचं. आणि काच कुठली ते मला कुणी सांगायला नको होतं. एका पट्टीच्या कडेला फोटोच्या चौकटीचा चॉकलेटी रंग अजून लागलेला होता.

"शाई पावसापाण्यात धुऊन जाते," हे म्हणाले. जणू मी नेलपॉलिशबद्दलच विचारलं होतं.

मग समजावून सांगितलं. जुन्या भिंतींना भेगा असतातच. भेग नुसती आहे की वाढतेय, हे डोळ्यांना दिसत नाही. काच मात्र ताणली जात नाही. भिंत केसभर जरी सरकली तरी ती फुटते. पाचातली तिसरी फुटली होती, मधोमध, सरळ.

"मग सांगा ना कुणाला!"

"एक फुटली तर कुणाचा पाय लागला असेल, जनावर गेलं असेल. दुसरी फुटली तर मात्र भिंत. आमच्यात असंच धरतात. दुसरीची वाट बघतोय."

वर पुलावरून पावलं वाजत होती. मी मान वर करून ऐकत राहिले. सून याच पुलावरून तीनला परत येते.

"किती दिवस वाट बघणार?"

हे भिंग पुसत बसले. मग, माझ्याकडे न बघता, जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते. "त्या वर्षी नदीला पाणी होतं. इथपर्यंत उतरता येत नव्हतं. मी समोरच्या काठावरून दुर्बिणीने बघितलं. रिपोर्टात लिहिलं, 'पाया प्रत्यक्ष पाहिला, ठीक आहे.' पाणी ओसरल्यावर येऊन बघू म्हटलं. मग निवृत्त झालो."

मी उंटावरून शेळ्या हाकणारी. हे तसे नाहीत, असं मी आयुष्यभर धरून चालले होते.

"तुमच्यात असंच धरतात म्हणून थांबलाय," मी म्हटलं, "की भीती वाटते म्हणून?"

"दोन्ही," म्हणाले. मग म्हणाले, "आणि तुझं पत्र. मी पाच तारखेला इथे आलो तो ते खरं करायला. म्हटलं भेग नसेल, असली तरी जुनी असेल. तुला येऊन सांगेन, बरोबर लिहिलंस. उतरलो तर ही दिसली. दोन दिवसांनी काचा लावल्या."

धाकटीला मी पत्र वाचून दाखवत होते, त्याच वेळी हे इथे गुडघाभर गवतात उतरत होते. मला एकदम रडू आलं आणि रागही आला, आणि कशाचं काय ते कळेना. म्हटलं, उद्या ऑफिसात जायचं. एका काचेवर जायचं.

सुनेला संध्याकाळी सगळं सांगितलं. ती ह्यांच्यावर उखडली. "बाबा, हे त्या दिवशीच नाही का सांगायचं? मला काय उगाच बसने जायची हौस आहे?" मग जाऊन नेलपॉलिशची दुसरी बाटली आणली आणि ह्यांच्या समोर ठेवली. "ही पण घ्या."

गुरुवार, १९ फेब्रुवारी

फुटलेली काच रुमालात बांधून हे ऑफिसात गेले. एक वाजता आले. नव्या साहेबाने खुर्ची दिली, चहा दिला, काच उलटसुलट करून बघितली. मग फायलीतून कात्रण काढून ह्यांच्या समोर सरकवलं. "साहेब, हे तर तुमच्याच घरचं आहे ना? दोन आठवड्यांपूर्वी ठणठणीत होता पूल. आता तुमच्या एका काचेवर बंद करू? वर काय सांगू मी?"

हे सांगत असताना आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

एकतीस पत्रं मी एकेका बैठकीत लिहिली. बत्तिसाव्याला चार तास लागले आणि सहा कागद गेले. रक्तदाबासारखं वाक्य एकही सुचलं नाही.

लिहिलं की माझं आधीचं पत्र मी न पाहता लिहिलं होतं, ते मी परत घेते. आता मी भिंत पाहिली आहे, भेग पाहिली आहे, फुटलेली काच पाहिली आहे. ह्यांनी वाचलं, पेन मागितलं आणि खाली आपलं एक वाक्य घातलं. 'नऊ वर्षांपूर्वी हा पाया मी जवळून पाहिला नव्हता. पाहिला असे लिहिले, ती माझी चूक.'

मी ते खोडलं. म्हटलं, एवढं कशाला? काच पुरे आहे. चौतीस वर्षं चोख नोकरी केलीत, लोक तेवढंच एक लक्षात ठेवतील.

"साहेब कशावर अडलाय?" हे म्हणाले. "माझ्या त्या सहीवर. ती जोवर उभी आहे तोवर त्याला काच दिसणार नाही." आणि पुन्हा लिहिलं. मी पुन्हा खोडलं नाही. पण हात पेनाकडे गेला होता, हे खरं आहे.

पेपरच्या ऑफिसात आम्ही दोघं गेलो. पत्रांचं सदर बघणारी मुलगी सुनेच्या वयाची निघाली. इतकी वर्षं मी तिला पन्नाशीचा टकलू संपादक समजत होते. म्हणाली, पत्राला आठवडा लागतो. म्हटलं, मी बसते. तिने वाचलं. "आजी, आधी तर तुम्ही खात्री दिली होती."

"तीच परत घ्यायला आलेय."

तिने ह्यांच्याकडे पाहिलं. "आणि हे तुम्हाला छापायचंय? नावानिशी?"

ह्यांनी मान डोलावली. ती पत्र घेऊन आतल्या खोलीत गेली. अर्ध्या तासाने येऊन म्हणाली, "पत्रांत नाही टाकत. पहिल्या पानावर घेतोय."

रविवार, २२ फेब्रुवारी

आलं. पहिल्या पानावर, खाली डावीकडे. कापून चिकटवलं नाही.

ह्यांच्याबरोबर काम केलेल्यांपैकी दोघांचे फोन आले. एकाने "कशाला उकरून काढलंस?" एवढंच विचारलं. दुसऱ्याने बरंच काही ऐकवलं. हे ऐकून घेत होते. पूर्वीसारखी माझ्या हातात लाइन असती तर मी ती मधूनच तोडली असती.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

काल साहेब स्वतः माणसं घेऊन नदीवर उतरला. पाचवी काचही फुटलेली होती. हे म्हणतात रविवारी संध्याकाळपर्यंत ती अख्खी होती. पायाजवळची माती काढली तर आत पोकळी. आज सकाळपासून पूल बंद, दोन्ही टोकांना पत्रे लावलेत.

संध्याकाळी साहेब घरी आला. चपला दारात काढल्या. म्हणाला, "माझा हात कोपरापर्यंत आत गेला." आपला हात आमच्यासमोर धरून तो त्याच्याकडेच बघत होता, मग म्हणाला, चौकशी होईल, तुम्हाला बोलावतील, माझ्या हातात नाही. हे म्हणाले, "असू दे. व्हायलाच हवी." सुनेने त्याला पाणी दिलं.

बुधवार, ४ मार्च

आजच्या पत्रांत 'त्रस्त पादचारी' पुन्हा हजर! पूल अचानक बंद केल्याने नागरिकांची फार गैरसोय होते आहे, म्हणतो. म्हणजे हलला तरी हा त्रस्त, बंद झाला तरी त्रस्त. मला आधी हसू आलं, मग उत्तर लिहायला कागद घेतला, मग वाटलं, त्याचं पहिलं पत्र तर खरंच होतं. कागदावर किराण्याची यादी केली.

हे साडेचारला उठून सुनेसाठी चहा करतात. चहा पांचट होतो. ती पिते.

शुक्रवार, १३ मार्च

चौकशी झाली. बोलणं वीसच मिनिटांचं. सेवापुस्तकात ठपक्याची नोंद राहील आणि खात्याच्या सल्लागारांच्या यादीतून नाव काढलं. त्या यादीचा ह्यांना केवढा अभिमान होता ते मला माहीत आहे. परतताना रिक्षात मी हात धरला. "बरं वाटतंय का?" विचारलं. "नाही," म्हणाले. "पण झोप लागेल."

रविवार, १५ मार्च

फोटोला अजून काच नाही. धूळ बसते म्हणून मी रोज फडक्याने पुसते, आणि पुसताना बघणं होतं. फोटोत ह्यांचा एक कान केवढा मोठा आलाय. बेचाळीस वर्षांत काचेमागून कधी लक्षात आला नव्हता.

संध्याकाळी दोघं नदीवर गेलो. पूल लोखंडी खांबांचा टेकू देऊन उभा आहे, वर कुणी नाही. पलीकडच्या टोकाची भिंत धड आहे असं साहेबाची माणसं म्हणतात. तरी तिथे एक बारीक भेग आहे, आणि तिच्यावर ह्यांनी गेल्या आठवड्यात आमच्या फोटोच्या काचेचा उरलेला तुकडा बसवला. त्यासाठी मोठ्या पुलावरून बसने जावं लागतं. गेलो.

कठड्यापाशी उभी राहून मी म्हटलं, "इथून तर अख्खी दिसतेय."

"दिसतेय?" हे म्हणाले, आणि हात पुढे केला.

चौसष्टाव्या वर्षी तो उतार म्हणजे गंमत नाही. मी दोनदा घसरले, एक चप्पल चिखलात राहिली, ती ह्यांनी काढून दिली. मी खाली बसले, चष्मा लावला आणि काचेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. गार होती. तारीख लाल अक्षरात, आठ मार्च.

अख्खी आहे. हात लावून पाहिली, मगच लिहिते आहे.